अकरा दोषांचा फोटो

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.

सहल आटपून काल परत आलो. तिघं होतो. मी, ही, आणि हिची थोरली बहीण म्हणजे आमच्या आक्का. तीन दिवस समुद्र, दीपगृह आणि वारा. आज सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवले. एकूण १४३. कार्ड लगेच पुसून कॅमेऱ्यात परत. शिस्त म्हणजे शिस्त.

१४३ पैकी दीपगृह ५१. त्याच्या भिंतीतले तडे २२ (काय तडे! बांधणाऱ्याला फैलावर घ्यायला हवं). रेलिंगचं वेल्डिंग १७. समुद्र ५२. दोघी बहिणी एकत्र: १.

ही म्हणाली, एकच? मी म्हटलं, एकच, पण लाखात एक. मग उघडून पाहिला.

आक्का चोवीस तारखेला मुलाकडे चालल्या, परदेशात, कायमच्या. इथलं घरही सोडतायत. हिची आई लवकर गेली. हिला न्हाऊमाखू घालण्यापासून आक्कांनीच वाढवलं. आणि दोघी आयुष्यात पहिल्यांदा एकत्र फिरायला गेल्या त्या आत्ता. म्हणून हा फोटो फ्रेम करून आक्कांच्या हातात द्यायचा, असं हिने ठरवलंय. हिचा फोन तेव्हा खोलीवर चार्जिंगला होता आणि आक्कांचा फोन बटणांचा. सगळी भिस्त माझ्यावर. ही म्हणाली, बाकी काही नको, एवढं एक नीट करा.

फोटो तपासला. बाटली तपासतो तसा. चोवीस वर्षं कारखान्यात काचेच्या बाटल्या उजेडासमोर धरतोय, माझ्या नजरेतून केसाएवढा तडा सुटत नाही. अकरा दोष निघाले. क्षितिज तिरकं. आक्कांचे डोळे मिटलेले. हिचं तोंड इतकं उघडं की दाढेतलं सिमेंट दिसतंय. दोघी सरळ उभ्या नाहीत, एकमेकींच्या अंगावर कोसळल्यात. मागे आइस्क्रीम खाणारा एक अनोळखी गृहस्थ. त्याच्या बाजूला पाटी. केस विस्कटलेले, दोघींचे, म्हणून दोन दोष धरले. आक्कांची पिशवी अर्धीच आलीय. ऊन जास्त. आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक मोठा, गुलाबी, धूसर गोळा. भिंगात काहीतरी बिघाड दिसतो.

निर्णय: पंधरा मिनिटांचं काम. मंगळवारी फ्रेमला टाकायचा.

माकडहाड दुखतंय. येताना गाडीच्या सीट फार कडक होत्या.

५ फेब्रुवारी, सोमवार. संध्या. ७.२०

फोटो सुधारायचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घेतला. सोपा आहे. सगळी चित्रं आहेत बटणांवर. कात्री म्हणजे कापणे, थेंब म्हणजे काय ते अजून कळलं नाही.

आधी क्षितिज. सात अंश तिरकं होतं. सात! वारा किती असेल त्यावरून कळतं. सरळ केलं. समुद्र आता टेबलासारखा. मात्र फिरवताना चारही कोपरे तुटले, ते कापले. कापताना आक्कांची अर्धी पिशवी गेली. म्हणजे एका फटक्यात दोन दोष. वा!

प्रोग्रॅमने विचारलं, जुन्या फोटोच्या जागी हा ठेवू का? हो म्हटलं. आमच्याकडे नियमच आहे: नाकारलेला माल पास झालेल्या मालाशेजारी ठेवायचा नाही. एकदा मिसळला की गोंधळ. रिजेक्ट बाटली लगेच फोडायची आणि परत भट्टीत टाकायची. साहेब येतात आणि जातात, पण हा नियम मी चोवीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

फ्रेम नाही. गुरुवारी.

७ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६.४५, कामावर जायच्या आधी

गुलाबी गोळ्याचा छडा लागला. मोठा करून पाहिला तर त्याला नख आहे. अंगठा आहे. माझा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. कॅमेरा एकाएकी घट्ट धरावा लागला तर अंगठा पुढे येऊ शकतो.

कापायला घेतला तेवढ्यात ही चहा घेऊन आली. बराच वेळ मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, तो अंगठा राहू द्या की. मी म्हटलं, अगं, अंगठा! ती म्हणाली, असू दे. भिडस्त स्वभाव. मला वाईट वाटेल म्हणून बोलत होती. तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मागमूस ठेवणार नाही.

कापला. त्याबरोबर दोघींचे पाय गेले. पायांना कोण बघतं?

जुना फोटो फोडला, म्हणजे पुसला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आइस्क्रीमवाला गृहस्थ. प्रोग्रॅममध्ये एक ब्रश आहे, एका जागचा रंग उचलून दुसऱ्या जागी फासायचा. समुद्र उचलला आणि गृहस्थाला फासला. पोट पटकन गेलं. डोकं गेलं. माणूस पुसणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा पाहिलं तर त्याचा हात आणि कोन शिल्लक. हिच्या कानाजवळ हवेत तरंगतोय. कोणीतरी तिला आइस्क्रीम भरवतंय असं दिसतं.

हिला दाखवलं. तिने ओठ दाबून धरले आणि आत गेली. आतून खोकल्याचा आवाज आला. खोकलाच असावा.

१० फेब्रुवारी, शनिवार. सुट्टी.

सकाळी ८ ते दुपारी २: कोन काढला. त्याबरोबर हिचा कानही थोडा गेला. दुसरा कान उचलून लावावा म्हटलं, तर तो आहे उलट्या बाजूचा. शेवटी कानावर केस फासले. विस्कटलेले केस होते ते कामी आले. म्हणून केसांचे दोन दोष माफ.

समुद्रात आता एकच लाट चार वेळा आली आहे. बारीक नजर असेल तरच कळतं. माझी आहे म्हणून मला कळलं.

संध्याकाळी फोटोच्या दुकानात जाऊन फ्रेमा पाहून आलो. दुकानदार जुना माणूस आहे, बोलतो कमी. फोटो कोणता म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, तयार होतोय. तो म्हणाला, तयार कशाला करता, मूळ फोटो द्या, मी बघतो. मी नुसता हसलो. धंदा आहे त्याचा, असंच बोलणार.

११ फेब्रुवारी, रविवार

पाटी.

दोघींच्या डोक्यामागे मधोमध. ठळक अक्षरांत: सावधान, पायऱ्या निसरड्या आहेत. सुंदर फोटोत असलं सरकारी ओरडणं शोभत नाही.

(नोंद: ही पाटी मीच दोघींना मोठ्याने वाचून दाखवली होती. आक्का, पाय जपून टाका, असंही म्हणालो होतो. मग मी फोटोसाठी चार पायऱ्या मागे गेलो. उलटा. मागे न बघता, कारण नजर फ्रेमवर हवी. इतकंच.)

पाटी पुसायला समुद्र पुरला नाही. आकाश उचललं. क्षितिजाच्या खाली थोडं आकाश आलंय. धुकं म्हणून चालून जाईल.

१२ फेब्रुवारी, सोमवार

माकडहाड अजून दुखतंय. कारखान्यात सहकाऱ्याने विचारलं, पडलात का कुठे? म्हटलं, नाही, बसलो होतो.

कॅमेरा कामावर नेला. नव्या बॅचमधल्या तड्यांचे फोटो साहेबांना हवे होते. दिवसभरात तीनशे काढले. साहेब खूश. म्हणाले, असे तडे कोणी टिपले नव्हते. एकही फोटो तिरका नाही. म्हणजे दोष हाताचा नव्हता, हे सिद्ध झालं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ६

आता खरं कसब. आक्कांचे डोळे.

मिटलेले डोळे उघडायचं बटण प्रोग्रॅममध्ये नाही. दुसऱ्या फोटोतून डोळे आणावे लागतात. पण दुसरा फोटो कुठे आहे? ५१ दीपगृहं आहेत. बराच विचार केला आणि मग सुचलं: बहिणी आहेत, डोळे सारखेच! हिचे लावू. पण हिचेही हसून बारीक झालेले, कडेला पाणी. चालणार नाहीत.

मग हिच्या ओळखपत्रावरचा फोटो स्कॅन केला. तिथे डोळे टक्क उघडे आहेत. ते उचलून आक्कांना लावले.

उघडले. शंकाच नाही. दार कोणीतरी जोरात वाजवलं आणि आक्का चमकून बघतायत, तशा दिसतात. पण उघडे आहेत.

जुना पुसला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आक्कांचं तोंड हसतंय आणि डोळे हसत नाहीत. बघवत नाही. तोंड थोडं मिटवावं लागेल. फ्रेम शनिवारी.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

तोंडासाठी बटण आहे! सरकवायची पट्टी. उजवीकडे नेलं की हसू वाढतं, डावीकडे नेलं की कमी. आक्कांचं अर्ध्यावर आणलं. मग शेजारी हिचं तोंड फारच उघडं दिसायला लागलं, म्हणून तेही आणलं. मग आक्का जास्त हसताहेत असं वाटलं, त्यांचं आणखी कमी केलं. मग हिचं. मग आक्कांचं.

आता दोघी समान. डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्यासारख्या, पण समान.

हिला बोलावलं. चष्मा लावून आली. खूप वेळ बघत राहिली. मग हळूच विचारलं, ह्या आम्ही आहोत? मी म्हटलं, मग कोण! ती म्हणाली, बरं. भारावून गेली बहुतेक. दिवाणखान्यात जाऊन एकटीच बसली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

एकमेकींवर कोसळलेल्या असणं हा शेवटचा मोठा दोष. आधी हसत होत्या म्हणून कोसळल्या होत्या. आता हसत नाहीत, तर कोसळायचं कारण काय? तोल गेल्यासारख्या दिसतात. दोघींना वेगळं कापून एकेक इंच बाजूला सरकवलं. मधे चार बोटं समुद्र. आक्कांचा हात हिच्या खांद्यावर होता, तो मनगटापाशी तुटला. खांद्यावर राहिलेली बोटं पुसली.

ऊनही कमी केलं. आता संध्याकाळ आहे.

दोष शून्य. चोवीस वर्षांत असा माल पाहिला नाही. जुना पुसला, पेटी रिकामी केली.

१८ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

आक्का जेवायला आल्या. असं निवांत जेवण शेवटचंच म्हणायचं. सामान बांधून झालंय, दोन बॅगांत सगळं आयुष्य मावलं म्हणाल्या. ही सकाळपासून स्वयंपाकघरात, कोणाशी बोलेना. डोळे लाल. कांदा चिरतेय म्हणाली. कांदा कुठे दिसला नाही.

जेवणावर आक्का म्हणाल्या, तो फोटो तेवढा द्या हो मला. मग लागल्या सांगायला. सगळं. माझ्यासमोर! की मी पाटी वाचून दाखवली, शाळेतल्या मास्तरांसारखा बोट वर करून. की मागे मागे गेलो. की पाय सटकला आणि मी बसल्या बसल्या पाच पायऱ्या खाली गेलो, कॅमेरा डोळ्याला तसाच, आणि जाता जाता ओरडलो, हलू नका! आणि कॅमेरा वाजला.

वाढवून सांगतात. तीन पायऱ्या होत्या.

आणि दोघी हसायला लागल्या. एकदा सुरू झाल्या की थांबेचनात. ही आक्कांच्या अंगावर पडली, आक्का हिच्या. पेल्यातलं पाणी सांडलं. हिचं तोंड एवढं उघडं की दाढेतलं सिमेंट दिसलं. आक्कांचे डोळे पार मिटून गेले, गालांत बुडाले.

मी बघत होतो. आक्कांचे डोळे हसताना मिटतातच. नेहमीच. दर वेळी. सव्वीस वर्षं ओळखतो त्यांना आणि आज लक्षात आलं.

हसू ओसरल्यावर आक्का म्हणाल्या, आई गेल्यापासून ही अशी हसलेली मी पाहिली नव्हती हो, त्या पायऱ्यांवर पाहिली. तिकडे टेबलावर समोर ठेवीन. ही उठून आत गेली.

३.४०. आक्का गेल्या. कॉम्प्युटर उघडला. सहज. मूळ फोटो कुठे आहे का एकदा बघावं म्हणून. नाही. कचरापेटी रिकामी. ती मीच केलेली.

गरजही नाही म्हणा. सुधारलेला आहेच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

कचरापेटी परत एकदा उघडून पाहिली. रिकामीच.

२० फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ७.३०

फोटो दुकानात दिला. मोठा छापा म्हटलं, भिंतीला शोभेल एवढा. दुकानदाराने पडद्यावर उघडला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, साहेब, यात फोटो उरलाय कुठे? कापून कापून बोटभर राहिला. मोठा केला तर नुसते ठिपके. विचारलं, मूळचा आहे ना? मी म्हटलं, हाच. तो म्हणाला, हा नाही हो, मूळचा, जसा काढला तसा. मी म्हटलं, तो रिजेक्ट होता.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं घड्याळ बघायला लागलो.

मग म्हणाला, कॅमेऱ्याचं कार्ड आणा, पुसलं असलं तरी कधी कधी निघतो. आशा पल्लवित! धावत घरी. कार्ड काढलं. मग आठवलं: त्यावर तीनशे तडे घेतलेत. सगळ्या कार्डावर तडेच तडे.

तरी नेऊन दिलं. उद्या सांगतो म्हणाला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

निघाले फक्त तडे. सहलीतल्या एका फोटोचा तुकडा तेवढा मिळाला, समुद्राचा कोपरा, इतका स्वच्छ! त्यात कोणी नाही.

हिला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगायचं. निर्णय: उद्या सकाळी चहाबरोबर.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी हिचं आक्कांशी फोनवर बोलणं चाललं होतं. मधेच व्यत्यय बरा नाही.

दुकानदाराने मार्ग काढला. फोटो लहानच छापायचा, पोस्टकार्डाएवढा, आणि भोवती पांढरी पट्टी रुंद सोडायची. फ्रेम मोठी दिसते. कागद उत्तम, काच उत्तम (काच मी स्वतः तपासली, एक बुडबुडा होता, बदलून घेतली). एकंदरीत भारदस्त. लांबून पाहिलं तर मधे काय आहे ते दिसत नाही, पण काहीतरी महत्त्वाचं असावं असं वाटतं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

फ्रेम घरी आली. ही म्हणाली, दाखवा. मी म्हटलं, बांधून टाकलीय, उद्या आक्कांच्या हातातच बघ. ती म्हणाली, अंगठा ठेवलात ना? मी म्हटलं, पार्सलला दोरी कमी पडतेय, आहे का घरात?

दोरी आणून दिली तिने. गाठीवर बोटही धरलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.

आक्का गेल्या.

आठ वाजता गाडी दारात. आक्का आदल्या दिवसापासून आमच्याकडेच होत्या. सगळं उरकलं, बूट घातले, आणि मग पार्सल हातात दिलं. त्यांनी तिथेच दारात, स्टुलावर बसून सोडलं. कागदाची घडी घातली. फ्रेम मांडीवर घेतली. ही मागून वाकून बघायला लागली.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

आक्का म्हणाल्या, छान झालाय. काच किती स्वच्छ. मग काचेवरून बोट फिरवत राहिल्या. इथून तिथून. मग म्हणाल्या, पण यात आम्ही हसत नाही आहोत. मग म्हणाल्या, लांब लांब का उभ्या आहोत गं आपण? हे हिला विचारलं. हिला काय ठाऊक?

मी म्हटलं, आक्का, अकरा दोष होते. सगळे काढले.

ही तेव्हा बोलली. चढ्या आवाजात नाही. चढ्या आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सव्वीस वर्षांत जिथे जिथे गेलो तिथले सगळे फोटो तुम्ही काढलेत. एकातही तुम्ही नाही. या एकात तुमचा अंगठा आला होता. आम्ही तिघं होतो त्यात.

मी खाली पडलेली दोरी उचलून गुंडाळायला लागलो.

आक्कांनी फ्रेम बॅगेत घातली, कपड्यांच्या मधे, जपून. हिच्या गालाला हात लावला. दोघी रडल्या. मला म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका हो, मेहनत केलीत. हा असू दे. पण तो खरा फोटो मुलाच्या फोनवर पाठवून द्या, तो मला दाखवील. तुम्ही पडलात तो.

मी म्हटलं, हो हो, आजच पाठवतो.

हिने माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हाच कळलं असावं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ही दारात उभी होती. मीही होतो, जरा मागे. एक पायरी वर.

२५ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. चहाबरोबर. पुसला, पेटी रिकामी केली, कार्डावर तडे घेतले, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, माहीत आहे. मग चहा गार झाला म्हणून परत गरम करून आणला, माझाही.

ओरडली असती तर बोलायला मुद्दा मिळाला असता.

पण हरलेला नाही. जे काढता येतं ते घालताही येतं. तर्क सरळ आहे. निर्णय: मूळ फोटो परत तयार करायचा. अकराच्या अकरा दोष, जसेच्या तसे. यादी आहे माझ्याकडे, चार तारखेची. दोन दिवसांचं काम.

२६ फेब्रुवारी, सोमवार. संध्या.

क्षितिज सात अंश तिरकं केलं. सहज जमलं.

पुढे अडलंय. पट्टी पार उजवीकडे नेऊनही दोघी हसत नाहीत. दात दिसतात फक्त. आक्कांचे डोळे मिटवले तर झोपल्यासारख्या दिसतात. आइस्क्रीमवाला गृहस्थ कसा होता ते आठवेना. टोपी होती का?

आज कामावर एक बाटली रिजेक्टच्या पेटीत टाकता टाकता थांबलो. काचेत बुडबुडा होता, छोटा, गोल. उजेडात धरली तर चमकत होता. सहकारी म्हणाला, काय बघताय? म्हटलं, काही नाही. मग टाकली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ६.१५

आज अंगठा.

खिडकीत उभा राहून स्वतःच्या अंगठ्याचे चौदा फोटो काढले. एकही तसा येत नाही. फार स्पष्ट येतो, नखावरची रेघ न् रेघ दिसते. तो धूसर होता, गुलाबी होता, घाईत होता. मग जिन्यात गेलो. पायरीवर बसलो, कॅमेरा डोळ्याला लावला, थोडा मागे रेललो. वरच्या मजल्यावरच्या बाई उतरत होत्या, त्यांनी विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, नाही, काम चाललंय.

थोड्या वेळाने ही बाहेर आली. काही विचारलं नाही. आतून टेबललॅम्प आणून धरला, उजेड बाजूने पडेल असा. बराच वेळ धरून उभी होती, हात दुखला असणार. मी म्हटलं, जरा हस ना, तेव्हासारखी, तुझा नवीन काढून बसवतो. तिने प्रयत्न केला. मग म्हणाली, असं मुद्दाम कसं येईल हो.

एकूण ३१ अंगठे. सगळे ठेवलेत, एकही पुसलेला नाही.

भाच्याच्या फोनवरून आत्ता आक्कांचा मेसेज आला. सुखरूप पोहोचल्या. तिथे थंडी आहे. टेबल खिडकीशी मिळालंय. फोटोची वाट बघते, तो खरा.

हिने वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. मी कळवलं: पाठवतो. थोडं काम राहिलंय.